परक्या भाषेतील हायकू आणि घरचा ऋतू

मे महिना संपत आला की गिरगावातील चाळींच्या गॅलऱ्यांतून एक निराळीच लगबग सुरू होते. दोरीवरचे आणि चटईवरचे वाळवण घाईघाईने आत येते, माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरतात, आणि घरातील वडील माणसे पंचांग उघडून यंदा मृगाचे वाहन कोणते ह्याचा शोध घेऊ लागतात. अशा वेळी त्याच घरातील एखादी महाविद्यालयात शिकणारी मुलगी खिडकीशी बसून इंग्रजीत तीन ओळींची कविता जुळवीत आहे, अशी कल्पना करावी. सातासमुद्रांपलीकडच्या एका स्पर्धेसाठी तिला ती धाडावयाची आहे. स्पर्धेचा विषय आहे चेरीचा बहर. मुलीने चेरीचे झाड जन्मात पाहिलेले नाही. परंतु इंग्रजी पुस्तकांतून त्या फुलांची इतकी वर्णने तिने वाचलेली आहेत, की तीन ओळी जुळविणे तिला मुळीच जड जात नाही. खिडकीबाहेर मात्र गुलमोहर पेटल्यासारखा फुललेला आहे, आणि त्याच्याकडे तिची पाठ आहे.

ह्या लहानशा प्रसंगात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. इंग्रजीत हायकू लिहिणे व त्यांच्या ऋतुपर स्पर्धांत भाग घेणे हा छंद आता मुंबईसारख्या शहरात रुजलेला आहे. भाषा उसनी घेतली, ह्यात वावगे असे काही नाही. माणसाने जितक्या भाषा आपल्याशा कराव्या तितक्या थोड्याच. पण भाषेबरोबर ऋतूही उसना घ्यावा काय, हा तो प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हायकू म्हणजे काय हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. जपानी भाषेतील हा काव्यप्रकार अवघ्या सतरा ध्वनींचा असतो, आणि त्यांची विभागणी पाच, सात आणि पाच अशी केलेली असते. बाशो (१६४४–१६९४), बुसोन (१७१६–१७८४) आणि इस्सा (१७६३–१८२८) ह्या तीन कवींनी त्याला थोरवी आणली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकी ह्या तरुण कवीने त्याला 'हायकू' हे आजचे नाव रूढ करून दिले. सतरा ध्वनींत सांगावयाचे ते काय, असे कोणासही वाटेल. ह्या अडचणीवर जपानी कवींनी जो तोडगा काढला, तोच ह्या प्रकाराचा प्राण आहे. प्रत्येक हायकूत ऋतू सुचविणारा एक शब्द असावा, असा संकेत त्यांनी ठरविला. त्या शब्दाला ते 'किगो' म्हणतात. चंद्र म्हटला की शरद ऋतू समजावयाचा, बेडूक म्हटला की वसंत, डास म्हटला की उन्हाळा. असे हजारो शब्द ऋतुवार लावून त्यांचे कोश तयार झाले, आणि ते आजही कवींच्या हाताशी असतात.

मराठी माणसास ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. 'गुढी' हा एक शब्द उच्चारला की चैत्राची सकाळ, कडुनिंबाचा कडवटपणा, साखरेची गाठी आणि नव्या कापडाचा वास हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. 'तिळगूळ' म्हटले की थंडी सांगावी लागत नाही. 'झेंडू' म्हटले की दसरा सांगावा लागत नाही. किगोचे कार्य हेच. कवीने एक शब्द टाकावयाचा आणि उरलेले चित्र वाचकाने आपल्या आठवणीतून पुरे करावयाचे. म्हणजे हायकू हा अर्धा कवीचा आणि अर्धा वाचकाचा असतो, आणि ह्या भागीदारीचा आधार म्हणजे दोघांनी अनुभवलेला एकच ऋतू होय. ही गोष्ट नीट लक्षात ठेवली म्हणजे स्पर्धेचा प्रश्न उलगडू लागतो.

काव्याची स्पर्धा ही जपानातही जुनी गोष्ट आहे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील दरबारांत कवींचे दोन पक्ष समोरासमोर बसत, नेमून दिलेल्या विषयावर एकेक कविता सादर करीत, आणि पंच निर्णय देई. हायकूच्या बाबतीत ह्याहून अधिक जिव्हाळ्याची अशी पद्धत रूढ झाली. तिला 'कुकाई' म्हणतात. दहावीस माणसे एकत्र जमतात. प्रत्येकजण आपले हायकू निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर नाव न घालता लिहितो. चिठ्ठ्या मिसळल्या जातात व दुसऱ्याच हातांनी त्यांच्या प्रती केल्या जातात, की अक्षरावरूनही कवी ओळखू येऊ नये. मग प्रती सर्वांपुढून फिरतात आणि प्रत्येकजण आपल्याला आवडलेले हायकू निवडतो. निवडलेले हायकू मोठ्याने वाचले जाते, आणि मगच त्याचा कर्ता आपले नाव सांगतो. ह्या बैठकीत नवशिक्या आणि आचार्य ह्यांस एकच न्याय मिळतो. परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही, की निवडणारे व लिहिणारे एकाच छपराखाली, एकाच ऋतूत बसलेले असतात. बाहेर पडणारा पाऊस दोघांनाही ऐकू येत असतो.

हायकू इंग्रजीत आले ते मुख्यतः विसाव्या शतकात. आर. एच. ब्लाइथ ह्या विद्वानाने १९४९ ते १९५२ ह्या काळात हायकूंचे चार खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कविता त्याने जपानी रीतीनुसार वसंत, ग्रीष्म, शरद व शिशिर अशा क्रमाने लाविल्या. पुढे १९५८ साली हेंडरसन ह्या अमेरिकन अभ्यासकाचे हायकूची ओळख करून देणारे पुस्तक निघाले, आणि इंग्रजीत स्वतंत्र हायकू लिहिण्याची लाट आली. ह्या लाटेत नभोवाणीचाही वाटा आहे, ही गोष्ट श्रोत्यांस कौतुकाची वाटेल. १९६४ साली जपान एअर लाइन्स ह्या विमान कंपनीने अमेरिकेत सतरा नभोवाणी केंद्रांच्या साहाय्याने इंग्रजी हायकूंची स्पर्धा घेतली, आणि तिच्यासाठी एकेचाळीस हजारांहून अधिक हायकू आले. पहिले बक्षीस होते जपानचा प्रवास. १९६८ साली अमेरिकेत आणि १९९० साली ब्रिटनमध्ये हायकूप्रेमींच्या संस्था स्थापन झाल्या आणि वार्षिक स्पर्धांचा पायंडा पडला. जपानमधील एका चहाच्या कंपनीने १९८९ साली सुरू केलेल्या स्पर्धेतील निवडक हायकू चहाच्या बाटल्यांवर छापले जातात. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात चेरीच्या बहराचा जो उत्सव होतो, त्याला जोडून २००६ सालापासून हायकूंसाठी आवाहन केले जाऊ लागले. तेथे अर्थातच प्रत्येक कवितेत चेरीचा बहर आलाच पाहिजे.

व्हँकूव्हरच्या नागरिकांनी असा नियम करणे अगदी योग्य आहे. ते झाड त्यांच्या दारात फुलते. त्याचे गाणे त्यांनी गावे आणि जगाने त्यात सामील व्हावे, ह्यात दोष तो कोणता? दोष असलाच तर तो गिरगावातील त्या मुलीच्या पाठीचा आहे. चेरीविषयी लिहिण्याचे तिला स्वातंत्र्य आहेच. पण तिने गुलमोहराविषयी कधीच काही लिहिले नाही, तर ती हानी कोणाची?

आणि हा दोष केवळ तिचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. इंग्रजी शाळेतील मूल पहिल्या इयत्तेपासून जे ऋतू शिकते, ते चार. ज्यांत ते वाढते, ते निराळेच. पुस्तकातील चित्रात ऑक्टोबर महिन्यात पाने पिवळी होऊन गळतात. मुंबईत ऑक्टोबर म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचा उकाडा आणि दुपारची भाजून काढणारी उन्हे. येथील देशी बदामाची पाने लाल होतात ती थंडीच्या दिवसांत. शिवाजी पार्कच्या आसपास सकाळी फिरावयास जाणाऱ्या कोणाच्याही पायाखाली ती तळहाताएवढी तांबडी पाने येतात. हीच ती मुंबईची पानगळ. परंतु मुलाला निबंधात पानगळ लिहावयास सांगितली, तर ते ऑक्टोबर लिहील, बदाम लिहिणार नाही. बर्फाचा माणूस त्याच्या कवितेत येईल. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात येऊन उतरणारे रोहित पक्षी येणार नाहीत. पाठ केलेले चित्र डोळ्यांनी पाहिलेल्या चित्राला असे पुसून टाकते. हायकूची शिकवण नेमकी ह्याच्या उलट आहे. जे डोळ्यांपुढे आहे ते पाहा, असे ती सांगते. पाठांतराने लिहिलेले हायकू नियमांत चोख बसेल, त्याला बक्षीसही मिळेल. पण ते हायकू असणार नाही.

बेडकाचेच उदाहरण घ्यावे. बाशोची जगप्रसिद्ध कविता १६८६ सालची. तीत एका जुन्या तळ्यात बेडूक उडी मारतो. जपानी वाचकास त्या बेडकाबरोबर वसंत ऋतू दिसतो, कारण तेथे बेडूक जागा होतो तो वसंतात. महाराष्ट्रातला बेडूक वसंतात मुका असतो. त्याचा आवाज उठतो तो मृगाच्या सरींबरोबर. इतकेच नव्हे, तर आपल्या पंचांगात त्याला मानाचे स्थान आहे. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असते: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती. त्यांत बेडूक, म्हैस वा हत्ती आला म्हणजे भरपूर पाऊस, असा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. वेधशाळा त्याला शास्त्र म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. परंतु काव्याच्या दृष्टीने पाहिले, तर येथे बेडकाच्या पाठीवर बसून सबंध पाऊस येतो! जपानच्या कोशातील बेडूक उचलून मुंबईच्या कवितेत ठेवला, तर ही सारी समृद्धी वाया जाते.

किंबहुना मराठीत ऋतुशब्दांचा कोश कोणी निराळा रचण्याची गरजच नाही. तो घरोघर तोंडी तयार आहे. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रांचा पाऊस, आणि त्यांतही पुनर्वसूचा तो 'तरणा' व पुष्याचा तो 'म्हातारा'. एकाच पावसाचे वय मोजणारी अशी भाषा कोणत्या कवीला हेवा वाटावा अशी नाही? हस्ताचा संबंध हत्तीशी जोडून पाटावर हत्ती काढावयाचा आणि त्याभोवती मुलींनी भोंडल्याचा फेर धरावयाचा, ही रीत गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांतून आजही अगदी लोपलेली नाही. लालबागेत उन्हाळा येतो तो नाकातून. वर्षाच्या मसाल्यासाठी गृहिणी मिरच्या, धने, खडा मसाला घेण्यास तेथील गल्लीत गर्दी करतात, कांडपयंत्रे दिवसभर चालतात, आणि रस्त्याने जाणारा शिंकल्याखेरीज पुढे जात नाही. त्याच लालबाग-परळात आषाढ-श्रावणात गणपतीच्या कारखान्यांतून मूर्तींवर पांढरा हात फिरू लागतो, आणि डोळ्यांची आखणी अजून व्हावयाची असते. दादरच्या फुलबाजारात चाफा, मोगरा, सोनटक्का, झेंडू आणि शेवंती ह्यांच्या राशी पाहून आंधळ्यानेही वासावरून महिना सांगावा.

हे वैभव मराठी लेखकांच्या दृष्टीस पडले नव्हते असे नाही. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहा ऋतूंचे वर्णन केले, आणि आधुनिक मराठीत दुर्गाबाई भागवत ह्यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऋतुचक्र' ह्या ग्रंथात महिन्यामागून महिना घेऊन त्याची झाडे, फुले, पक्षी आणि आभाळ ह्यांचा वेध घेतला. ह्या ग्रंथास मराठीचा ऋतुकोश म्हणण्यास हरकत नाही. जो कोणी ह्या प्रांतात बसून हायकू लिहू इच्छितो, मग ते कोणत्याही भाषेत असो, त्याने तो उशाशी ठेवावा.

हायकूलाही मराठीत घर मिळाले आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ साली जपानास गेले आणि परतल्यावर आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी बाशोच्या कवितेचा परिचय बंगाली वाचकांस करून दिला. मराठीत हे कार्य मोठ्या निष्ठेने केले ते शिरीष पै (१९२९–२०१७) ह्यांनी. आचार्य अत्रे ह्यांच्या ह्या कन्येचे आयुष्य मुंबईच्या वृत्तपत्रांच्या व चळवळींच्या गजबजाटात गेले. पण त्या गजबजाटातच त्यांना हायकूची शांत दृष्टी लाभली. सतरा ध्वनींचा हिशेब त्यांनी सैल केला, तीन ओळींपैकी दोन ओळींत यमक आणले, आणि परक्या प्रकाराला मराठी कानाची गोडी दिली. शांता शेळके ह्यांनीही 'पाण्यावरल्या पाकळ्या' ह्या पुस्तकात जपानी हायकूंना मराठी रूप दिले. शिरीषबाईंच्या उदाहरणातून घेण्याजोगा धडा असा, की त्यांनी जपानकडून पाहण्याची रीत घेतली. पाहावयाच्या वस्तू मात्र आपल्या खिडकीबाहेरच्याच ठेविल्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींतही हे भान जागे झालेले आहे. २०१६ साली कला रमेश, संजुक्ता आसोपा आणि श्लोका शंकर ह्यांनी जगभरच्या हायकूंचा जो संग्रह संपादित केला, त्याचे नावच त्यांनी 'नाद अनुनाद' असे ठेविले.

येथे एक आक्षेप येण्याचा संभव आहे. स्पर्धेचा परीक्षक दूरदेशी बसलेला; त्याला मृग काय कळणार आणि भोंडला काय कळणार? वाचकाच्या आठवणीवर अवलंबून असणारी कविता ज्याच्याजवळ ती आठवण नाही, त्याच्यापुढे मुकी होणार नाही काय? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच खरा. ज्या इंग्रजीत ही अडचण येते, त्याच इंग्रजीने पूर्वी एकदा ह्या किनाऱ्यावरून आपला ऋतुशब्द उचललेला आहे. 'मॉन्सून' हा तो शब्द. अरबी खलाशांचा 'मौसिम' पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. मराठीतला 'मोसम' त्याचाच भाऊ. त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ऋतू! व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी जे केले, ते कवींस करता येऊ नये असे नाही. हिगिन्सन ह्या अमेरिकन कवीने १९९६ साली निरनिराळ्या देशांतील ऋतुशब्द एकत्र करून जागतिक ऋतुकोश प्रसिद्ध केला, तोही ह्याच हेतूने.

शिवाय प्रत्येक स्थानिक अनुभवास स्थानिक शब्दच लागतो असेही नाही. उदाहरणादाखल ही तीन ओळींची साधी जुळणी पाहावी:

मिरचीचे पोते —
जिन्यात शिंका
तिसऱ्या मजल्यापर्यंत

ह्यात महिन्याचे नाव नाही, लालबागेचे नाव नाही. हीच गोष्ट इंग्रजीत सांगितली, तर टोकियोतील वा टोरांटोतील परीक्षकास पोते कळेल, जिना कळेल, आणि शिंक तर जगात सर्वांनाच कळते. तो वर्षाचा मसाला आहे आणि हा चाळीतला उन्हाळा आहे, हे त्याला कळणार नाही; पण काहीतरी खरे घडलेले आहे, एवढे निश्चित कळेल. परळच्या वाचकास मात्र ह्या तीन ओळींत आई, आजी आणि सबंध वैशाख भेटेल. चांगले हायकू असे दोन अंतरांवरून वाचता येते.

तरीही पुरा न्याय हवा असेल, तर परीक्षक जवळचाच पाहिजे, आणि ह्याचा अनुभव परळ-लालबागला नवा नाही. गिरण्यांत काम करण्यास कोकणातून आलेल्या माणसांनी शक्ती-तुऱ्याचे सामने आपल्याबरोबर आणले. परळच्या दामोदर नाट्यगृहात ते वर्षानुवर्षे रंगत असत. एका पक्षाच्या शाहिराने सवाल टाकावा, दुसऱ्याने गाण्यातच जबाब द्यावा, आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांनी एकेका शब्दाची पारख करावी. तेथे चुकीचा महिना, चुकीचे पीक किंवा चुकीचे दैवत एक क्षणही खपत नसे. त्या श्रोत्यांना काव्यशास्त्र ठाऊक नसेल. ऋतू ठाऊक होता. जपानची कुकाई आणि कोकणचा सामना ह्यांत बाह्य साम्य थोडे. पण कविता तिच्या ऋतूत राहणाऱ्या माणसांपुढे तोलावी, हे तत्त्व दोहोंत एकच आहे.

म्हणून इंग्रजी हायकूच्या स्पर्धांकडे पाठ फिरवावी, असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नव्हे. त्यांत अवश्य भाग घ्यावा. मात्र कविता टपालात टाकण्यापूर्वी एक लहानशी कुकाई घरच्या घरी करावी. दादरच्या एखाद्या वाचनालयात, गिरगावातील एखाद्या चाळीच्या चौकात, ऋतूच्या प्रत्येक पालटास दहा माणसांनी जमावे. कोणी मराठीत लिहावे, कोणी इंग्रजीत. नावे झाकावी, चिठ्ठ्या मिसळाव्या आणि मग वाचाव्या. जी ओळ ऐकून शेजारचा म्हातारा 'होय, असेच होते' म्हणून मान डोलावील, ती खुशाल परदेशी जाऊ द्यावी. जिच्यावर तो 'हे कुठले?' म्हणून विचारील, ती पुन्हा लिहावी.

हे काम लवकर हाती घेणे बरे, कारण ऋतुशब्दही मरतात. गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेले, आणि थंडीच्या पहाटे त्या आवाजाने जागे होणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांत वाळवणाला गॅलरी नाही, आणि मसाला तयार पुडीतून येतो. पाऊसही आपले वेळापत्रक पाळीत नाही. हवामान खात्याने २०२० साली मुंबईतील त्याच्या आगमनाची व परतीची सर्वसाधारण तारीख बदलून अनुक्रमे ११ जून व ८ ऑक्टोबर अशी धरली. वस्तू नाहीशी झाली की शब्द काही वर्षे टिकतो, आणि शब्द कवितेत उतरला असेल, तर त्याहूनही अधिक काळ. जो ऋतू कोणीच लिहून ठेवीत नाही, तो मात्र पाहणाऱ्यांबरोबरच संपतो.

गिरगावातील ती मुलगी अजून खिडकीशीच बसलेली आहे. चेरीच्या तीन ओळी तिने पुऱ्या केल्या असतील, तर त्या पाठवू द्याव्या. पण तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत येईल, गुलमोहराच्या पाकळ्या कागदावर पडतील, आणि आतून तिची आजी विचारील, 'अगं, यंदा वाहन कोणते गं?' त्या क्षणी तिने मागे वळून पाहिले, तर पुढच्या स्पर्धेची तिची कविता तेथेच सुरू झालेली असेल.